फिलिपिन्सचा इतिहास शिकून मुलगी पुढे काय करणार?

सप्रेम नमस्कार.

तुमची लेक इतिहास घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला फिलिपिन्सच्या इतिहास-संस्कृतीवर संशोधन करायचंय. ‘ओळखीतली मुलं तिकडे डॉक्टर व्हायला जातात, हिचं हे खूळ तर नाही ना?’ असं तुम्ही काळजीनं विचारलंय.

खूळ नाही. वाट मात्र लांबची आहे.

१९८९ साली फिलिपिन्सच्या लगुना प्रांतात नदीतून वाळू काढताना तांब्याचा एक पत्रा सापडला. जेमतेम वहीच्या पानाएवढा, दहा ओळींचा. लिपी कावी, म्हणजे जावा बेटाकडची जुनी लिपी; भाषा जुनी मलय. सुरुवात ‘स्वस्ति’नं, मग शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. मजकूर नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं देणं माफ झाल्याचा. आपल्या घरात पंचांग वाचलं जातं, त्यामुळे ही तिथी तुमच्या लेकीला कुणी समजावून सांगायला नको. तिथल्या तगालोग भाषेत आजही शिक्षकाला ‘गुरो’ आणि चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ही पायरी आयती मिळते.

पण तिथेच रमू नये. ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं धरून बसलं की तो देश दिसेनासा होतो. होसे रिझाल हा तिथलाच, डोळ्यांचा डॉक्टर. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यानं मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा फिलिपिन्सवरचा १६०९चा ग्रंथ हातानं उतरवून काढला आणि १८९० साली स्वतःच्या टिपांसह छापला. स्पॅनिश येण्याआधीही आमचा समाज होता, हे त्याला दाखवायचं होतं. १८९६ साली स्पॅनिश सरकारनं त्याला गोळ्या घातल्या. या अभ्यासाचा जीव तिथल्या माणसांच्या अशा धडपडीत आहे, तो लेकीनं आधी समजून घ्यावा.

आता व्यवहाराचं. स्पेनचा अंमल १५६५ ते १८९८, त्यामुळे दप्तर स्पॅनिशमध्ये, त्यातलं बरंच स्पेनमधल्या सेव्हिल शहरात. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं अमेरिकेची, ते कागद इंग्रजीत. लोकांचं बोलणं, गाणी, आजचं लेखन फिलिपिनोत (तगालोगवर उभी असलेली तिथली राष्ट्रभाषा) आणि इतर स्थानिक भाषांत. भाषा न शिकता केलेलं संशोधन दुसऱ्यांच्या पुस्तकांवरच उभं राहतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लगेच मनिलाला पाठवू नका. एमए इतिहास इथेच करू द्या, सोबत नेट-जेआरएफ या प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीच्या परीक्षेची तयारी. म्हणजे इतिहासाची प्राध्यापकी ही वाट उघडी राहते. नुसत्या फिलिपिन्सच्या अभ्यासावर आपल्याकडे नोकऱ्या फार थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दोन वर्षांत स्पॅनिश चांगली करावी, फिलिपिनोचा पाया घालावा. मग पीएचडीसाठी दिलिमानचं फिलिपिन्स विद्यापीठ बघा. तिथल्या एशियन सेंटरमध्ये हाच विषय शिकवतात. परदेशी पदवी इथे ग्राह्य धरतात का, हे मात्र प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

यंदा साठवलेले पैसे स्पॅनिशच्या वर्गाला लावा. वर्षभरानं ती न कंटाळता एखादं जुनं पान वाचत बसलेली दिसली, तर मला पुन्हा लिहा. पुढचे अर्ज आपण मिळून बघू.