फिशन ट्रॅकवरून गाळाचा खडक पूर्वी किती तापला होता ते कळतं का, आणि कोल्हापूरच्या काळ्या दगडावर हे जमेल का?

कळतं की, पण आपल्या काळ्या दगडावर सहसा जमत नाही, कारण त्यात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मोजण्याजोगे मोठे अॅपेटाइट या खनिजाचे कण मिळणं अवघड. त्यापेक्षा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा कलादगी नावाच्या खडकगटातला वालुकाश्म बघा. जिऑलॉजीला हा विषय होता म्हणून सांगतो, अॅपेटाइटमधलं युरेनियम-२३८ आपोआप फुटतं, प्रत्येक फुटीची साधारण १६ मायक्रॉनची रेघ (हाच फिशन ट्रॅक) स्फटिकात उरते आणि नायट्रिक अॅसिडने कोरली की मायक्रोस्कोपखाली दिसते. अंदाजे ६० ते १२० डिग्री सेल्सियसमध्ये या रेघा आखडत जातात, त्याच्या वर पार पुसल्या जातात, म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही, लांबी मोजायलाच पाहिजे, खरी माहिती तिथंच असते: बहुतेक रेघा लांब म्हणजे खडक भराभर थंड झाला, लांब-आखूड मिसळ म्हणजे त्या तापमानात बराच काळ रेंगाळला किंवा परत तापला. तेलपण साधारण याच तापमानात तयार होतं, म्हणून तेल शोधणाऱ्यांना हे इतकं कामाचं. फक्त क्लोरीन जास्त असलेल्या अॅपेटाइटमध्ये रेघा आणखी जास्त तापमानाला टिकतात, त्यामुळे कणाचं केमिकल अॅनालिसिस केल्याशिवाय तापमानाचा आकडा पक्का धरू नका.