यंत्र घ्यायची घाई नको

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे वेबसाइटवरच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून आतल्या कागदावर सही करायचा खेळ, तुलाही लागला तर. सात डबे सापडले, आठव्यापाशी पाऊण तास घिरट्या घालून हात हलवत परत आलास, आणि आता विचारतोस की फोन सोडून जीपीएसचं वेगळं यंत्र घेऊ का, पैसे भरून खेळाच्या वेबसाइटचा प्रीमियम सभासद होऊ का. उत्तर आधीच देऊन टाकतो. सभासदत्व गरज वाटेल तेव्हा घे, यंत्र सगळ्यात शेवटी. आणि त्या आठव्या डब्याचा या दोन्हींशी फारसा संबंध नाही.

तू लिहिलंस की फोनवरचा बाण वेड्यासारखा फिरत होता. आत्ता चार मीटर, लगेच अकरा, दोन पावलं टाकली तर म्हणे उलट्या दिशेला जा. शेजारी उंच भिंत होती, हेही तूच लिहिलंस. फोन बिघडलेला नाही तुझा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश भिंतीवर आपटून तुझ्यापर्यंत आला, की तो आडवळणानं आलेला असतो. पोचायला किंचित उशीर लागतो आणि फोन त्या उशिराचंही अंतर धरतो. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन ५ मीटरच्या आसपास बरोबर असतो. पण डबा लपवणारा कुठलं तरी यंत्र घेऊनच तिथे उभा होता ना? त्याचीही तेवढी चूक धर. दोघांच्या चुका विरुद्ध बाजूंना गेल्या तर दहा मीटरचा घोळ सहज होतो. कितीही भारी यंत्र घेतलंस तरी यातली त्याची चूक जिथल्या तिथे राहणार.

म्हणून आकडा दहाच्या खाली आला की फोन खिशात टाकायचा. खरंच टाकायचा, हातात ठेवून ‘बघत नाही’ म्हणायचं नाही. मग वेबसाइटवरच्या डब्याच्या पानावरचं आठवायचं. डब्याचा आकार काय लिहिलाय? अवघडपणा १.५ आहे की ४? आणि स्वतःला विचारायचं, मला लपवायचा असता तर मी इथे कुठे ठेवला असता? एकदा मी एका लोखंडी कठड्यापाशी असाच अडकलो होतो. आकार ‘मायक्रो’, म्हणजे अगदी छोटा. शेवटी कठड्याच्या खालच्या अंगानं बोटं फिरवत गेलो. नट, नट, नट, आणि एक नट थोडा गुळगुळीत. ओढला तर निघून हातात आला. बोटाच्या पेरापेक्षा छोटी नळी, बुडाशी चुंबक, आत काडीसारखी गुंडाळलेली कागदाची पट्टी. सही करायला दहा सेकंद लागले, पट्टी पुन्हा तेवढी घट्ट गुंडाळायला दहा मिनिटं. बाण तेव्हा सात मीटर पलीकडचं झुडूप दाखवत होता.

(घरी मात्र ‘कॅश शोधायला चाललोय’ असं सांगू नकोस. डब्याचं इंग्रजी नाव तेच, पण उच्चारामुळे लोकांचा भलताच समज होतो. मी ‘डबा’च म्हणतो.)

फोन कमअस्सल आणि जीपीएस म्हणजे ‘खरा खेळ’, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. हे जुन्या लोकांचं दुखणं आहे, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. मे २०००च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. ती भेसळ बंद झाली आणि लगोलग, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. या खेळातला तो पहिला डबा. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, गलोल, बीन्सचा एक डबाबंद टिन असं काहीबाही. अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि काही दिवसांतच बादली सापडलीसुद्धा. तेव्हा खिशात स्मार्टफोन नव्हते. हातातलं पिवळं-करडं यंत्र आणि घरून छापून आणलेला कागद, एवढ्यावर खेळ चालायचा. ज्यांनी तसा तो खेळला, त्यांना फोनवाला पोरगा आयता आल्यासारखा वाटतो. वाटू दे.

फोन जे देतो ते त्या कागदानं कधीच दिलं नाही. डबा कुठे असेल याचा इशारा, फोटो, वरून दिसणारा नकाशा, आणि सगळ्यात मोलाच्या म्हणजे आधीच्या लोकांच्या नोंदी. लागोपाठ चार जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल, तर डबा बहुतेक जागेवर नाही; तू कशाला गुडघे चिखलात घालतोस?

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाक. नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेला, असं नसतं. संदेश थेट उपग्रहाकडून येतो. नेटवर्क असताना फोन उपग्रहांच्या कक्षांची माहिती तिकडून झटकन उचलतो, म्हणून जागा लगेच कळते. नेटवर्क नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू ऐकावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती ३० सेकंदांत येते, सगळ्यांचं पंचांग, म्हणजे कोण कधी कुठे असेल त्याची ढोबळ यादी, मिळायला १२.५ मिनिटं. तेव्हा आडरानात शिरण्यापूर्वी नकाशा एकदा उघडून जागा पकडू दे आणि डब्यांची पानं फोनमध्ये उतरवून घे.

आता फोनची रड. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, उन्हात पडदा दिसत नाही, आणि बॅटरी. एका संध्याकाळी तिसऱ्या डब्याच्या हव्यासापायी मी ३ टक्क्यांवर आलो. परतीची वाट त्याच फोनमध्ये, विजेरीही त्याच फोनमध्ये. फोन मिटला आणि मी ओढ्याच्या आवाजावरून रस्ता गाठला. चूक फोनची नव्हती, पॉवर बँक मीच घरी ठेवली होती. गार्मिनच्या ईट्रेक्स १०सारखं साधं यंत्र दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतं, पाण्यात पडलं तरी तगतं, हातमोजे घालूनही बटणं दाबता येतात, उन्हात पडदा उलट जास्त स्वच्छ दिसतो. यंत्र घ्यायचं तर यासाठी घ्यायचं. अचूकतेसाठी घ्यायचं हे कारण आता लंगडं पडत चाललंय. २०१८मध्ये शाओमीचा मी ८ आला तेव्हापासून दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन मिळतात, आणि ते भिंतीच्या प्रतिध्वनीला बरेच कमी फसतात. शिवाय स्वस्त यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसतं. तुम्ही चालत असलात तरच बाण खरा. जागेवर उभं राहून यंत्र फिरवलं तर तो काहीही दाखवतो. नवे लोक तिथेच यंत्राला शिव्या घालतात.

सभासदत्वाचं गणित वेगळं आहे. त्यानं डबा शोधण्याचं कसब तिळभरही वाढत नाही, शोधायला डबे वाढतात. अधिकृत ॲपमध्ये फुकट खात्याला सोपे-साधे डबेच उघडतात. बाकीचे बरेचसे वेबसाइटवर दिसतात, पण काही मालक आपले डबे फक्त प्रीमियम सभासदांसाठी राखून ठेवतात. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं फुकट ॲपही आहे, बरेच दिवस त्यावर निभतं. नकाशावरचे जवळपासचे सगळे ठिपके पिवळे हसरे चेहरे झाले, म्हणजे सगळे डबे शोधून झाले, की मग पैसे भर. किंवा अनोळखी प्रदेशात चार दिवस जाणार असशील तेव्हा. ‘पॉकेट क्वेरी’ या सभासदांच्या सोयीतून एका वेळी १००० डब्यांची माहिती उतरवता येते, तिथे ते पैसे वसूल होतात. नवा डबा जाहीर झाल्याची सूचनाही लगेच येते. पहिला शोधणारा होण्याची हौस असेल तर तीही फेडून घे. ती हौस साधारण वर्षभरात जिरते, माझी जिरली.

आणि एक वेळ अशी येईल, जेव्हा मी स्वतः म्हणेन की बाबा, यंत्र घे, निदान कुणाचं तरी मागून आण. तू स्वतःचा डबा लपवशील तेव्हा. शोधताना तुझी चूक तुलाच भोवते. लपवताना ती येणाऱ्या प्रत्येकाच्या माथी मारली जाते. माझ्या पहिल्या डब्याचे आकडे मी घाईत, झाडाखाली उभा राहून, एकदाच घेतले. तिघांनी ‘सापडला नाही’ लिहिलं. चौथी बाई हुशार, तिला सापडला आणि तिनं सभ्यपणे नोंदवलं की डबा १४ मीटर पलीकडे आहे. लाज वाटली. परत गेलो, यंत्र डब्यावर ठेवलं आणि त्याला दहा मिनिटं सरासरी काढू दिली. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा जाऊन तेच केलं, कारण तोवर डोक्यावरचे उपग्रह बदललेले असतात. फोनवरही सरासरी काढणारी ॲप आहेत, तेवढा धीर असेल तर चालतील. जागा बघताना शेजारच्या डब्यापासून १६१ मीटर अंतर राखावं लागतं, हे आधी तपास. नाहीतर नवे डबे तपासणारा वेबसाइटचा स्वयंसेवक तुझा डबा परत पाठवेल. आणि जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय काहीही ठेवू नकोस.

आठव्या डब्याकडे पुन्हा जाशील तेव्हा आधी भिंतीपासून वीसेक मीटर लांब, मोकळ्यावर उभा राहा. आकडा स्थिरावला की बाणाची दिशा डोळ्यांनी एखाद्या ठळक खुणेशी जुळवून घे आणि त्या खुणेकडे चाल. पेन दोन घे. एक ऐन वेळी रुसतंच.

तुझा,
एक जुना डबेशोध्या

ता. क. आकडे हातानं टाकत असशील तर पद्धत बघून टाक. डब्याच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात, बऱ्याच नकाशांना नुसते दशांश अंश लागतात. उल्मर यांच्या बादलीचाच अक्षांश घे: ४५ अंश १७.४६० मिनिटं. हे कुणी ४५.१७४६० अंश म्हणून टाकलं, तर तो सुमारे १३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन झुडपं धुंडाळत बसेल. तुझा सहावा डबा ‘भलत्याच गावात निघाला’ म्हणतोस, तो प्रकार मला याच जातीचा वाटतोय. जुने आकडे पुन्हा काढून बघ.