राफ्टची दोरी कुठे बांधली आहे ते बघ

नवी बोट घेतलीस, आता सुरक्षेच्या यादीतलं सामान नुसतं आणून मोकळा होऊ नकोस. लाइफ राफ्टचं, म्हणजे जीव वाचवणाऱ्या फुगत्या तराफ्याचंच उदाहरण घे. बोट बुडाली की साधारण १.५ ते ४ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने हायड्रोस्टॅटिक रिलीज (राफ्टला बोटीवर धरून ठेवणारा खटका) सुटतो आणि राफ्ट वर येतो. पण राफ्टची दोरी त्या रिलीजच्या तुटणाऱ्या कडीलाच अडकवलेली हवी. थेट डेकला बांधली, तर बोट राफ्टलाही तळाला ओढून नेते! रिलीजवरची मुदतीची तारीखही वाच.

आपत्कालीन बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचाच घे आणि स्वतःच्या नावावर नोंदव, नाहीतर बोट कोणाची हे शोधणाऱ्यांना कळायला वेळ जातो.

लाइफ जॅकेट केबिनमध्ये कोंबू नकोस. जाळं ओढताना माणूस पडतो, तेव्हा ते अंगावरच हवं.