रात्रपाळीनंतरची झोप

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिलीच रात्रपाळी लागली म्हणालास, म्हणून लिहितो. सकाळी 7 ला सुटशील तेव्हा ऊन वर आलेलं असेल. बसमध्ये बसतानाच काळा चष्मा लाव. डोळ्यांवर उजेड पडला की शरीर दिवस सुरू झाला असं धरून चालतं. घरी हलकं खा नि लगेच आडवा हो. ‘जरा बाजार करून येतो’ म्हणालास की झोप गेलीच.

खरा त्रास आवाजाचा. तुझा डोळा लागतो न लागतो तोच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू, मागोमाग मासेवाल्याचा. मागची खोली घे, खिडकीला जाड पडदा लाव, पंखा मोठा ठेव. त्याच्या घरघरीत बाकीचं बुडतं. घरच्यांना स्पष्ट सांग, दुपारपर्यंत उठवायचं नाही, सिलिंडर आला तरी.

रात्री 2 नंतर चहा नको. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात. दारूने झोप येते, पण तुटक. त्या वाटेला जाऊच नकोस. सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी पाळी सोसायला सोपी, सुपरवायझरकडे तशीच माग. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात स्कूटर घरीच ठेव. पेंगत हायवेवर यायचं नाही, एवढं माझं ऐकच.