मीटर २२० दाखवतंय तरी बल्ब मिणमिणतोय? घरगुती इन्व्हर्टरला ९-०-९ ट्रान्सफॉर्मर आणायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं टेबल डोळ्यासमोर आलं. घरी बनवलेला इन्व्हर्टर: १२ व्होल्टची बॅटरी, सीडी ४०४७ (चालू-बंदचे ठोके देणारी आयसी), दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर, उलटा लावलेला १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्टचं वाइंडिंग, ते बॅटरीच्या बाजूला), मीटरवर छान २२० व्होल्ट आणि ९ वॅटचा एलईडी बल्ब मात्र काजव्यासारखा. सेम टू सेम. तुम्ही शेवटी विचारलंय की आता ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज वाढवू का. मी नेमकं तेच केलं होतं, आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच झालं.

जोडणी बरोबर आहे, सोल्डरिंग पक्कं आहे असं धरून चालतो, त्यात शिरत नाही.

तर मी किट जिथून मागवलं होतं त्यांच्या मदतकक्षाला विचारलं. उत्तर आलं, ट्रान्झिस्टर बदला. बदलले. परत विचारलं, तर बॅटरी कमजोर असेल. बॅटरी दुसऱ्याची आणून लावली, तेच. तिसऱ्यांदा सांगितलं की १२-०-१२ मध्ये लॉस होतो, ९-०-९ टाका म्हणजे जास्त व्होल्टेज मिळेल. एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा रे, मीटर कुठलं आहे आणि बल्ब कुठल्या प्रकारचा आहे. मी भोळा, टाकला ९-०-९. बल्ब लागला, भारी उजेड, मी घरभर नाचलो. दहा मिनिटांत ट्रान्झिस्टरला हात लावता येईना. मग मोठा हीटसिंक, मग त्याच्यावर पंखा, मग अजून दोन ट्रान्झिस्टर पॅरलल. असे तीन महिने गेले, दोन जोड्या ट्रान्झिस्टर गेले, आणि एके रात्री बल्बमधला कपॅसिटर फाटकन फुटला.

आता खरं कारण, जे मला फार उशिरा कळलं. साधं मल्टीमीटर एसीवर सरासरी मोजतं आणि साइन वेव्हच आहे असं समजून १.११ ने गुणून आकडा दाखवतं. आपल्या सर्किटमधून येते चौकोनी वेव्ह. म्हणजे मीटरवर २२० दिसतायत तेव्हा प्रत्यक्षात १९८ च्या आसपास आहेत. पण हा फरक किरकोळ, खरी गोम पुढे आहे. एलईडी बल्बच्या आत आधी ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर असतो आणि तो कपॅसिटर वेव्हच्या टोकापर्यंत, म्हणजे सगळ्यात जास्त व्होल्टेजपर्यंत भरतो. मेन्सच्या २३० ला ते टोक ३२५ व्होल्टचं असतं. चौकोनी वेव्हला वेगळं टोक नसतंच, जे आहे ते सपाट १९८. आता ज्या बल्बात सगळे एलईडी एका माळेत लावून वर एक छोटी आयसी असते (डीओबी म्हणतात तो), त्यातल्या कित्येकांच्या माळेलाच २०० च्या वर व्होल्ट लागतात. तो १९८ वर काय लागणार? मिणमिणणारच.

मला चकवलं ते झिरोच्या बल्बने. तो लावला तर जवळजवळ नेहमीसारखा पेटायचा, म्हणून मी सर्किट बरोबर आणि एलईडी बल्ब खराब असं समजत राहिलो. तारेच्या बल्बला टोकाशी देणंघेणं नसतं, तो नुसता तापतो. त्यामुळे या कामात टेस्टला तारेचा बल्ब वापरू नका, फसाल.

आणि ९-०-९ का तापतो? ९ व्होल्टच्या वाइंडिंगला साइन वेव्हमध्ये सरासरी ८.१ व्होल्टच मिळतात, कोअर (आतला लोखंडी गाभा) तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. आपण त्याला ५० हर्ट्झवर सपाट ११-१२ व्होल्ट देतो, म्हणजे निदान ३५ टक्के जास्त. प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शेवटी कोअर सॅच्युरेट होतो (त्यातलं चुंबकत्व आणखी वाढू शकत नाही), करंट उसळतो, ट्रान्झिस्टर तापतो आणि त्या उसळलेल्या करंटवर तो बंद झाला की स्पाइक (क्षणभराचा जास्त व्होल्टेजचा झटका) मारतो. हीटसिंक लावून हे थांबत नाही, मी लावून बघितलंय.

माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सर्किटला हात न लावता बल्ब बदलायचा. वेगळा ड्रायव्हर असलेला, खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट वगैरे रेंज छापलेला घ्या, तो १९८ वरसुद्धा पूर्ण उजेड देतो. ९-०-९ च पाहिजे असेल तर फ्रिक्वेन्सी वाढवा, म्हणजे अर्धी सायकल लहान होते आणि कोअर सॅच्युरेट व्हायच्या आधीच संपते. ४०४७ ला ०.१ मायक्रोफॅरडबरोबर साधारण ४५ के (किलोओहम) चा रेझिस्टर असेल तर ५० हर्ट्झ मिळतात, ३० के केलं की ७५. बल्बला काही फरक पडत नाही, पंखा मात्र लावू नका. २एन३०५५ च्या जागी आयआरएफझेड४४ मॉस्फेट टाका, एकेक व्होल्ट फुकट जातो तो वाचेल. फक्त मग बॅटरी चार्जिंगला असताना चालवू नका, १४ व्होल्टला हिशेबाने टोक ३५० च्या पुढे जातं आणि बल्बमधला ४०० चा कपॅसिटर रडकुंडीला येतो.

खरं टोक बघायचं तर चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, ४५० व्होल्टचा छोटा कपॅसिटर आणि त्याला समांतर २२० के एक वॅटचा रेझिस्टर, मग डीसी रेंजवर मोजा, बल्ब लावलेला असताना. सर्किट बंद केल्यावरही कपॅसिटर थोडा वेळ भरलेला असतो, लगेच हात घालू नका.

मी इंजिनिअर नाही, छंद म्हणून करतो, त्यामुळे चुकलं असेल तर जाणकारांनी सांगा. पण बॅटरीवरचं असलं तरी आउटपुट २०० च्या आसपास किंवा वर आहे, जीव जाऊ शकतो. बॅटरीच्या टर्मिनलपाशीच ३ अँपिअरचा फ्यूज टाका. आणि हे घरच्या वायरिंगला कधीही जोडू नका, लाइट गेलेली असतानासुद्धा नाही, खांबावर काम करणाऱ्या माणसापर्यंत करंट पोचतो.

ते एका सेलवर घरचा बल्ब झगमगतो वाले व्हिडिओ तुम्ही लिंक केलेत, त्यांच्या नादी लागू नका. जूल थीफने (सेलचं व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट) मेलेल्या सेलमधून एखादा एलईडी लागतो, मी पण केलाय, मजा येते. पण ९ वॅट १.५ व्होल्टमधून काढायचे तर ६ अँपिअर लागतील, तेही लॉस न धरता. पेन्सिल सेल कुठून देणार?

बल्बची काच काढून आतला फोटो टाका (होल्डरमधून काढून मगच) आणि वर सांगितलेलं डीसी रीडिंग लिहा, मग ट्रान्सफॉर्मरचं बघू.