ठेव मोडून वाफे बांधावेत का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: या हंगामात दहा कुंड्या आणि एका लहान वाफ्यात तुम्ही भाजी पिकवली. आता दीड वीत उंच चौकटीचे सहा वाफे, विकतची तयार माती, ठिबक आणि सावलीची जाळी असा बेत आहे. त्यासाठी आठ महिन्यांत पिकणारी मुदत ठेव मोडायची म्हणता. तीन हंगामांत पैसे वसूल होतील, असा तुमचा अंदाज आहे.

तुम्ही वहीची पानं पाठवलीत, हे फार बरं केलंत. असे आकडे हौशी माणसं सहसा ठेवत नाहीत. सगळ्या पिकाची बाजारभावाने किंमत शंभर धरून मी ते पुन्हा मांडले.

शंभरात टोमॅटो पंचावन्न. ते जवळजवळ सगळे तीन आठवड्यांत आले, म्हणजे इतरांच्याही बागा भरलेल्या असताना. घरात वीसच लागले. बाकीचे पस्तीस वाटले किंवा सडले. दोडके पंधरा, खाल्ले पाच. पालेभाजी वीस आणि घेवडा दहा मात्र पूर्ण संपले. म्हणजे शंभरातले पंचावन्नच तुमच्या खिशात राहिले. वाटलेल्या टोमॅटोंचा आनंद मी नाकारत नाही, पण ती बचत नव्हे. एरवी तुम्ही ते विकत घेतलेच नसते.

बियाणं, खत, पाणी, फवारणी यांवर चाळीस गेले. कुंड्या, खुरपी, नळी यांवर आणखी नव्वद. त्या पाच वर्षं टिकतील आणि वर्षाला एकच हंगाम घ्याल असं धरलं, तर घसारा अठरा. अठ्ठावन्न खर्च, पंचावन्न बचत. पहिल्याच हंगामात जवळपास बरोबरी, हे वाईट मुळीच नाही. तुमच्या मेहनतीचे तास मी धरलेले नाहीत, कारण संध्याकाळचं ते काम तुम्हाला आवडतं असं दिसतं.

गडबड पुढच्या गणितात आहे. शंभरातून चाळीस वजा करून तुम्ही साठ शिल्लक धरलेत, पाचपट जागा म्हणून तीनशे केलेत आणि नऊशेचा खर्च तीन हंगामांत फेडलात. खरी शिल्लक पंचावन्नातून चाळीस जाऊन पंधरा आहे. तिची पाचपट पंच्याहत्तर, म्हणजे बारा हंगाम, तेही घरातली माणसं पाचपट भाजी खातील असं धरून! साध्या मऊ लाकडाची चौकट तोवर कुजलेली असेल. शिवाय दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा ३० सेंटिमीटर भरायचा तर ६०० लिटर माती लागते; सहांना ३,६०० लिटर. कंपोस्ट कुजत जातं तशी माती खाली बसते आणि दरवर्षी वरून भर घालावी लागते. हा खर्च तुमच्या यादीत कुठेच नाही.

म्हणून ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याज कमी पडतं, हे एक. पण मोठं कारण वेगळं आहे: अडीनडीला हात घालता येईल अशी दुसरी रक्कम तुमच्याकडे नाही, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या यादीतली एक गोष्ट मात्र मी आजच घेईन, ती म्हणजे ठिबक आणि त्याचा टायमर, आहे त्याच बागेपुरता. वहीत एका पानावर ‘बूड काळं, ७ फळं टाकली’ अशी नोंद आहे आणि लगेच खाली कॅल्शियमच्या फवारणीचा खर्च. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसल्यामुळे नव्हे, तर पाणी कधी भरपूर, कधी नाही असं झाल्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही म्हणून. त्याच्या आधीच्या पानावर ‘चार दिवस गावाला’ असं लिहिलंय. बाटलीचे पैसे वाया गेले. मीही एकदा अशी बाटली आणली होती. अजून अर्धी आहे.

दुसरं, टोमॅटोची आठ रोपं बुटक्या, झुडपी जातीची होती. ती फळं एकदम देऊन मोकळी होतात. पुढच्या वेळी तीनच लावा, त्यातली दोन उंच वाढणाऱ्या जातीची, म्हणजे तोडा लांबेल. सुटलेल्या जागेत पालेभाजी पेरा, पण सगळी एकदम नको; दर पंधरा दिवसांनी वीतभर ओळ. ती तीस-चाळीस दिवसांत हाताशी येते, लवकर सुकत असल्याने विकत आणलेली निम्मी फेकली जाते, आणि घरची हवी तेवढीच खुडता येते. तुमच्या वहीत खरी कमाई तिचीच आहे.

फारच वाटलं तर एक वाफा वाढवा, महिन्याच्या शिलकीतून. वहीत ‘तोडलं’ या रकान्याशेजारी ‘खाल्लं’ असा रकाना आखा. ठेव पिकेल तेव्हा ती पानं पाठवा, उरलेल्या पाच वाफ्यांचं तेव्हा बघू.