अब्दाली लिहू की दुर्राणी?

प्रश्न : पानिपतावर लेख लिहितोय. एका पुस्तकात अब्दाली, दुसऱ्यात दुर्राणी, फौज कुठे मराठ्यांची, कुठे पेशव्यांची, समोरचे कधी अफगाण तर कधी नुसते मुसलमान. नक्की काय लिहायचं?

उत्तर : माणसाचं नाव रूढ आहे तेच ठेवा, पद मात्र त्या तारखेचं लावा, बाकी भांडणं आपोआप मिटतात. १७४७ साली गादीवर आल्यावर अहमदशाहने दुर्राणी हे नाव घेतलं हे खरंय, पण मराठी वाचकाच्या डोक्यात अब्दालीच बसलाय, तर पहिल्यांदा नाव येईल तिथे एकदा दुर्राणी सांगून टाका आणि पुढे अब्दाली चालू द्या. औरंगजेबाचंही तेच, त्याची पदवी म्हणून आलमगीर लिहायला गेलात तर १७५४ ला गादीवर बसलेला दुसरा आलमगीर मधे कडमडतो. पण १६५७ च्या बिदरच्या वेढ्यात तो शहजादा होता, बादशहा नाही, तिथे गडबड नको. असईच्या लढाईत (१८०३) वेलिंग्टन लिहिणारेही बरेच दिसतात, अहो तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता!

आता फौज. ती कोणाच्या हुकमाखाली लढतेय त्यावरून नाव द्या, धर्मावरून तर अजिबात नको, कारण १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांच्या डाव्या बगलेला इब्राहिमखान गारदी आहे आणि तो समोरच्या रोहिल्यांवर (हिंदुस्थानात स्थायिक झालेले, अब्दालीच्या बाजूचे पठाण) तुटून पडलाय, हे वाक्य तुम्ही 'हिंदू फौज, मुस्लिम फौज' करून लिहूनच दाखवा. अफगाण म्हणालात तर अवधचा नवाब शुजाउद्दौला कुठे बसवणार, तो अब्दालीच्या बाजूने होता पण अफगाण नव्हता! सगळी मिळून म्हणायची असेल तर 'अब्दालीची फौज', आणि तुकडीची गोष्ट आली की रोहिले, शुजाचे लोक असं वेगळं. इकडे 'मराठे' बरं. 'पेशव्यांची फौज' चुकीचं नाही, पण त्यात शिंदे-होळकर झाकले जातात आणि मग 'पेशव्यांनी हल्ला चढवला' असलं वाक्य कधी सुटून जातं कळतही नाही, नानासाहेब पेशवे त्या दिवशी रणांगणावर नव्हतेच, हुकूम सदाशिवराव भाऊंचा होता. (हे नानासाहेब १८५७ चे नव्हेत, तेही एकदा स्पष्ट करा, लोक खरंच घोळ घालतात.)

राहिलं एकेरी-आदरार्थी. आपल्याकडे भाऊ 'आले' आणि अब्दाली 'आला' हे चालतंच, मला त्यात फार वावगं वाटत नाही, फक्त इब्राहिमखान एका परिच्छेदात 'लढले' आणि पुढच्यात 'पकडला गेला' असं होऊ देऊ नका.